खेड्यांतला डॉक्टर आणि जिल्ह्याची गर्दी



जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत एकदां रात्रीं जाऊन पाहा. एका खाटेवर दोन रोगी, तिसरा खालीं सतरंजीवर, आणि सलाइनची बाटली हातांत धरून उभा असलेला त्याचा भाऊ. शिकाऊ डॉक्टर पोर सकाळपासून उभें. हें पाहून शहरांतले शहाणे म्हणतात कीं, हे खेडवळ लोक साध्या तापाला मोठ्या इस्पितळांत धांवतात, म्हणून गर्दी होते!

आम्ही त्यांना विचारतों, कुणब्याला आणि कुंभाराला ही हौस आली आहे काय? रोज बुडतो, जीपभाडें जातें, घरीं गुरें उपाशी राहतात. गांवाजवळच्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर भेटला असता, तर ताप तेथेंच उतरला असता. तो भेटत नाहीं, म्हणून ताप घरांत चार दिवस मुरतो आणि पांचव्या दिवशीं पोराची छाती भरते. मग तें पोर जिल्ह्याला जातें. जिल्ह्याची गर्दी अशी खेड्यांतच तयार होते.

पूर्वीं पेठेच्या गांवीं एखादा घरचा डॉक्टर असे. आजा, बाप, नातू तिघांची नाडी त्याला ठाऊक, पैसे सुगीला दिले तरी चालत. तो गेला. त्याचा मुलगा शहरांत मोठा तज्ज्ञ झाला. त्यांत त्याचा दोष आम्ही मानीत नाहीं. पण ती जागा सरकारनें भरून काढावयाची होती. भोर समितीनें १९४६ सालीं सांगितलें होतें कीं, दहा ते वीस हजार वस्तीमागें अखेरीस ७५ खाटांचें रुग्णालय पाहिजे. आजचा सरकारी हिशेब काय? सपाटीच्या मुलखांत तीस हजार वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यांत चार ते सहा खाटा! त्यांतहि डॉक्टरची खुर्ची रिकामी असेल, तर कुलूप काय आणि केंद्र काय, सारखेंच.

डॉक्टर खेड्यांत राहिला म्हणजे काय होतें, हेंहि ऐका. जालना जिल्ह्यांतल्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत गेला. कोंकणांत लाल विंचू चावून माणसें मरत. हा डॉक्टर रात्र रात्र रोग्याच्या उशाशीं बसला, दर घटकेला काय होतें तें लिहून ठेवलें, आणि पुढें रक्तदाबावरची प्राझोसिन नांवाची गोळी देऊं लागला. भारी विषबाधेच्या शंभरांत सुमारें चाळीस मरत, ते एक-दोनांवर आले. ही विद्या खेड्यांतल्या केंद्रांत जन्मली. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

आतां कायद्याची गोष्ट. बंगालमधला एक शेतमजूर ८ जुलै १९९२ रोजीं आगगाडींतून पडला, डोक्याला जबर मार लागला. आरोग्य केंद्रांत सोय नाहीं. पुढें कलकत्त्याचीं सरकारी इस्पितळें म्हणालीं, खाट नाहीं. अखेर खाजगी इस्पितळांत सुमारें सतरा हजार रुपये मोजावे लागले. त्याची शेतमजूर समिति सर्वोच्च न्यायालयांत गेली. १९९६ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, वेळेवर उपचार न देणें म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणें होय. पैसा नाहीं ही सबब सरकारला चालणार नाहीं. त्या मजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. ती मिळाली, कारण त्याच्यामागें संघटना होती.

आमचाहि थोडा दोष आहे, तो झांकीत नाहीं. साप चावला कीं आधीं देवऋषी, मग मंत्र, मग गाडी. तोंवर विष रक्तांत भिनतें. पहिली धांव प्रतिविषाकडे पाहिजे. शिवाय गांवांत येणाऱ्या डॉक्टरच्या घराचें छप्पर गळतें, नळाला पाणी नाहीं, त्याच्या बायकोला रात्रीं बाहेर पडावयाची भीति; मग तो तालुक्याला राहतो. तें छप्पर तरी आपण शाकारूं शकतों कीं नाहीं? आपल्यांत सुतार आहेत, गवंडी आहेत.

वर्षांतून चार ग्रामसभा भरल्याच पाहिजेत, असा कायदा आहे. येत्या ग्रामसभेंत तीन प्रश्न लेखी द्या व त्यांची पोंच घ्या: डॉक्टर कोणत्या वेळीं हजर असतो, रात्रीं कोण असतें, प्रतिविषाच्या कुप्या किती शिल्लक आहेत. रुग्ण कल्याण समितीवर आपल्या गांवचे कोण आहेत, हें विचारा. नांव कोणालाच ठाऊक नसेल, तर तेंहि लिहून घ्या. आणि बायांनीं सभेला यावें, कारण आजारी पोर घेऊन रांगेंत त्याच उभ्या असतात.