पान गळते तेव्हा पारा कुठे जातो?

बंगळुरूत तळ्यांच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणते, काठाने झाडे लावा, पाण्यात वनस्पती वाढू द्या, विष त्या शोषून घेतील. पाऱ्याच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याविषयी आज मला बोलायचे आहे. पारा हे मूलद्रव्य आहे; ते कुजत नाही, जाळल्याने नाहीसे होत नाही. वनस्पती त्याचे रूप बदलते आणि जागा बदलते. म्हणून शोषलेला पारा पुढे जातो कुठे, हे विचारल्याशिवाय कोणताही हिरवा उपाय मान्य करू नये.

कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना 2001 साली बंद पडला. तिथून उडालेल्या पाऱ्याची साक्ष भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना परिसरातल्या शैवाकांत, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांत, सापडली. शैवाक काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हे. पानात जे घडते ते अधिक गुंतागुंतीचे आहे. पाऱ्याची वाफ पर्णरंध्रांतून आत शिरते, पेशीतले कॅटलेझ हे विकर तिचे ऑक्सिडीकरण करते आणि तयार झालेला आयन प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट बिलगतो. पारा-गंधकाची ही ओढ कज्जली खलणारे वैद्य पिढ्यान् पिढ्या पाहत आले आहेत. मातीतून येणारा पारा बहुतांशी मुळांतच अडकतो. मग पान गळते. जंगलाच्या जमिनीत हवेतून उतरणाऱ्या पाऱ्याचा मोठा वाटा या पानगळीचाच असतो. पाणथळ, प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. मिनामातात माणसे ज्याने लुळी पडली, तेच हे विष. चीनच्या वानशान खाणपट्ट्यात ते भातखाचरांतून थेट तांदळाच्या दाण्यात उतरले आहे.

यावर जनुकशास्त्राकडे बोट दाखवले जाते, आणि तो आक्षेप वजनदार आहे. जॉर्जिया विद्यापीठात रिचर्ड मीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये जिवाणूंचे मर-ए जनुक अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात घातले. ते रोप पाऱ्याच्या आयनाची वाफ करून हवेत सोडू लागले. पुढे मर-बीची जोड मिळाल्यावर मिथाइल पाराही मोडता आला. मिथाइल पारा मोडणे हा निखळ लाभ आहे. तो मी मनापासून मानतो. पण वाफ होऊन गेलेला पारा महिनोन्‌महिने हवेत फिरतो आणि भलत्याच कुणाच्या शेतात उतरतो. एका गावाचा भार साऱ्या जगावर टाकण्याला मी शुद्धीकरण म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. माती खणून भट्टीत तापवणे महाग पडते, झाड फुकट काम करते. विस्तीर्ण जागेत पसरलेल्या सौम्य प्रदूषणाला हे लागू आहे, मात्र पीक कापून सुरक्षित ठेवण्याचा खर्च हिशेबात धरला तरच. आपल्या तळ्यांतली जलपर्णी पाहा. तिची काळीभोर, केसाळ मुळे पारा उत्तम शोषतात. ती ओढून काठावर रचली, तिथेच कुजू दिली, की पहिल्या पावसात शोषलेले बरेच काही पुन्हा पाण्यात. तळी साफ करण्याच्या प्रत्येक निविदेत उपसलेल्या जलपर्णीची जड धातूंसाठी तपासणी आणि तिची अंतिम जागा लिहिलेली असावी, खत करण्याची परवानगी तपासणीनंतरच मिळावी, असा ठराव या संमेलनाने करावा ही माझी विनंती आहे.