परदेशची विद्या आणि पाड्याचें अंगण

एखादी शिक्षणपद्धति परदेशांतून आली असें कळलें कीं कोणी हुरळून जातो, तर कोणी नाक मुरडतो. वस्तुतः विद्या कोठून आली हा प्रश्न गौण आहे. ती येथील मुलाच्या हातीं कशी पडते, हाच मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न एका सबंध राष्ट्रापुढें कसा उभा राहतो, हें जॉर्जियाच्या उदाहरणावरून दिसेल. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला. तेथील विद्यापीठांत प्रवेशासाठीं लांच देण्याची रूढि बोकाळली होती. २००५ सालीं देशभर एकच प्रवेशपरीक्षा सुरू झाली आणि त्या रूढीस आळा बसला. त्याच वर्षीं तो देश युरोपच्या बोलोन्या योजनेंत सामील झाला. पदवीचे टप्पे व श्रेयांकांची मोजणी सर्वत्र सारखी ठेवावी, म्हणजे एका देशांतील अभ्यास दुसऱ्या देशांत मान्य होईल, असा तिचा हेतु आहे. आज भारतांतील विद्यार्थीही वैद्यक शिकण्यासाठीं तेथें जातात. परंतु माप सारखें झालें म्हणून पीक सारखें येतें असें नव्हे.

हें मर्म आपल्या डहाणूच्या बाजूस फार पूर्वीं ओळखलें गेलें. १९०७ सालीं मारिया माँटेसरी यांनीं रोमच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून त्या पद्धतीचा आपल्याकडे प्रसार केला. पण तिचीं साधनें महाग. त्यामुळें गरिबांसाठीं निघालेली ती पद्धति येथें सुखवस्तु घरांची होऊं लागली. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें विकत घेतलेल्या साधनांच्या जागीं खडे, शिंपले, बिया व पानें आलीं. वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नसत, कारण कोणाला धाकटें भावंड सांभाळावयाचें असे, कोणाला गुरें चारावयाचीं असत. तेव्हां शाळाच पाड्याच्या अंगणांत गेली, गुरांमागें कुरणांत गेली. मुलानें स्वतःच्या हातांनीं व स्वतःच्या गतीनें शिकावें, हें तत्त्व मात्र रोमचेंच राहिलें. १९७५ सालीं सरकारनें देशभर बालविकासाचीं केंद्रें उघडलीं, त्यांना 'अंगणवाडी' हेंच नांव मिळालें.

त्याच १९४५ सालीं तलासरीकडील झरी गांवीं वारली हजारोंनीं जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं वेठ नाकारली. हात मोकळे झाल्याखेरीज त्यांत पाटी कोठून येणार? आज तलासरींत गोदावरीबाईंच्या नांवाचें महाविद्यालय आहे.

आतां त्या महाविद्यालयाच्या दारांतही जगाचें माप येऊन ठेपलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें चार वर्षांची पदवी व श्रेयांकांची पेढी आणली. एक वर्षानें प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं पदविका घेऊन बाहेर पडतां येतें व पुढें परत येतां येतें. योजना चांगली आहे. परंतु ज्या घरांतील माणसें पावसाळा सरतांच वीटभट्टीच्या कामाला गांव सोडतात, त्या घरच्या मुलाला बाहेर पडण्याचें दार सहज सांपडेल. परतीचें दार त्याला कोण दाखविणार? घरीं वारली बोली, शाळेंत मराठी आणि उच्च ग्रंथ इंग्रजींत, या तीन पायऱ्या त्यानें एकट्यानेंच चढावयाच्या काय?

कोसबाडनें याचें उत्तर आचरून दाखविलें आहे. मूल शाळेंत येईना, तर त्यास दोष न देतां शाळा उठून त्याच्याकडे गेली. वर्ष बुडालेल्या मुलाच्या पाड्यावर जाऊन त्याला परत आणणारा अध्यापक प्रत्येक महाविद्यालयाला मिळेल, तेव्हांच हें जगाचें माप आपल्या उपयोगीं पडेल.