आमदाराला दिलेलं मत दिल्लीलाही जातं

आज आपण राज्यसभेविषयी बोलू या. नाव काढल्याबरोबर काही जणी म्हणतील, "ते मोठ्या लोकांचं काम, आपल्याला काय करायचंय?" गटांच्या बैठकांना गेलो की आम्हाला हे हमखास ऐकायला मिळतं. आपण बटण दाबून निवडून देतो तो खासदार, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण दिल्लीत दुसरेही खासदार बसतात. त्यांना निवडताना आपलंच मत कामाला येतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

आपल्या संसदेची सभागृहं दोन. लोकसभेचे खासदार आपण थेट निवडतो. राज्यसभेचे खासदार निवडतात आमदार, म्हणजे विधानसभेवर निवडून गेलेले सदस्य. हे आपल्याला नवीन नाही. आपला गट ग्रामसंघावर प्रतिनिधी पाठवतो, ग्रामसंघ प्रभागसंघावर पाठवतो. प्रभागसंघात कोण बसणार हे आपण थेट ठरवत नाही, पण गटातून चुकीची बाई पाठवली तर वरपर्यंत फरक पडतो. राज्यसभेचंही तसंच.

आता हिशोब बघा. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ खासदार जातात, गोव्यातून १. आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. एका वेळी ६ जागांची निवडणूक असेल, तर साधारण ४२ आमदारांची पहिल्या पसंतीची मतं मिळाली की एक खासदार नक्की निवडून येतो. त्या ४२ जणांत तुमच्या तालुक्याचा आमदार असू शकतो. म्हणजे विधानसभेला दिलेलं तुमचं एक मत मुंबईलाही जातं आणि दिल्लीलाही.

हे सभागृह आलं कुठून? इंग्रजांच्या काळात १९१९ च्या कायद्याने दिल्लीत एक वरचं सभागृह झालं होतं. पण त्याला मत देणारे मूठभर श्रीमंत आणि जमीनदार. स्वातंत्र्यानंतर राज्यघटना तयार होत असताना दुसरं सभागृह हवंच कशाला, यावर वाद झाला. ते हवं म्हणणाऱ्यांचं सांगणं असं, की रागाच्या किंवा उत्साहाच्या भरात एखादा कायदा घाईने आला, तर त्याच्याकडे शांतपणे दुसऱ्यांदा बघणारं कोणी असावं. शिवाय केंद्रात राज्यांचा आवाज असावा. म्हणून १९५२ साली हे सभागृह अस्तित्वात आलं आणि १३ मे १९५२ ला त्याची पहिली बैठक झाली. 'राज्यसभा' हे नाव १९५४ मध्ये मिळालं. देशाचे उपराष्ट्रपती तिचे सभापती असतात. पहिले सभापती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. व्हायोलेट अल्वा, नजमा हेपतुल्ला आणि आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी तिथे उपसभापतीपद सांभाळलं आहे.

आज राज्यसभेत २४५ जागा आहेत. त्यांपैकी १२ जण साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा या क्षेत्रांतले असतात, त्यांना राष्ट्रपती नेमतात. लतादीदी मंगेशकर १९९९ मध्ये अशाच गेल्या होत्या. खासदाराची मुदत ६ वर्षं. लोकसभा विसर्जित होते, राज्यसभा कधीच होत नाही. दर २ वर्षांनी एक तृतीयांश खासदार निवृत्त होतात आणि नवे येतात. गटातल्या सगळ्या जुन्या बायका एकाच दिवशी गेल्या तर दप्तर कोणाला कळणार? तसा विचार इथे आहे.

पैशांच्या विधेयकावर राज्यसभेचं फारसं चालत नाही. १४ दिवसांत सूचना करून ते परत पाठवायचं, त्या सूचना मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. बाकीचे कायदे दोन्हीकडे मंजूर व्हावे लागतात. शेती किंवा पोलीस अशा राज्यांच्या विषयावर देशहितासाठी केंद्राने कायदा करावा, असा ठराव करण्याचा अधिकार मात्र एकट्या राज्यसभेला आहे.

याचा आपल्या घराशी काय संबंध, ते आता तीन गोष्टींतून सांगतो.

पहिली गोष्ट हुंड्याची. हुंडाबंदीच्या विधेयकातल्या काही शब्दांवरून लोकसभा आणि राज्यसभेचं जुळेना. शेवटी मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची एकत्र बैठक घ्यावी लागली. स्वतंत्र भारतातली अशी ती पहिली बैठक, आणि ती झाली आपल्या लेकींच्या प्रश्नावर. तिथे विधेयक मंजूर झालं आणि हुंडा देणं आणि घेणं हा गुन्हा ठरला.

दुसरी गोष्ट सरपंचाच्या खुर्चीची. १९८९ मध्ये पंचायत राजचं घटनादुरुस्ती विधेयक आलं. त्यात बायकांसाठी राखीव जागा होत्या. लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत आणि ते पडलं. राज्यांना डावलून केंद्र थेट गावात हात घालतंय, असा विरोधकांचा आक्षेप होता. राज्यघटना बदलायची असेल तर एकत्र बैठकीची वाट नसते, दोन्ही सभागृहांनी वेगवेगळी मंजुरी द्यावी लागते. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती दोन्हीकडे मंजूर झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. राज्यसभेने थांबवलं ते बरं केलं की वाईट, यावर तुमच्या बैठकीत जरूर वाद घाला. पण आज ज्या मैत्रिणी सदस्य, सरपंच आहेत, त्यांच्या खुर्चीचा रस्ता या सभागृहातून गेला, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट लोकसभा-विधानसभेतल्या ३३ टक्क्यांची. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयकं रद्द होतात. म्हणून २००८ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक मुद्दाम राज्यसभेत मांडलं. ९ मार्च २०१० ला ते तिथे १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. पण पुढे लोकसभेत आलंच नाही, आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही गेलं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये नवं विधेयक दोन्हीकडे मंजूर झालं. राज्यसभेत सगळी २१४ मतं बाजूने पडली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते आरक्षण लागू करायचं, असं त्या कायद्यात लिहिलं आहे.

आता नीट ऐका. या कायद्याने लोकसभेत आणि विधानसभांत जागा राखल्या. राज्यसभेत राखल्या नाहीत. म्हणजे राज्यसभेवर किती बायका जाणार, हे पक्ष कोणाला उमेदवारी देतात आणि आमदार कोणाला मत देतात, यावरच राहणार. आणि आमदार कोण, ते आपण ठरवतो.

तेव्हा दोन कामं सुचवतो. पहिलं, राज्यसभेच्या खासदारालाही स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो आणि तो ज्या राज्यातून निवडून आला, त्या राज्यात कुठेही कामं सुचवू शकतो. ग्रामसंघाला पाण्याची टाकी किंवा रस्ता हवा असेल, तर लोकसभेच्या खासदारासोबत यांनाही अर्ज द्या. आपल्या राज्याचे १९ जण कोण आहेत, याची यादी गटातल्या मुलींना मोबाईलवर काढायला सांगा.

दुसरं काम थोडं धीराचं आहे. आमदार हळदीकुंकवाला, उद्घाटनाला गावात येतात. त्या वेळी सगळ्या जणींनी मिळून विचारायचं, "राज्यसभेला तुम्ही कोणाला मत दिलंत? तुमच्या पक्षाने किती बायका पाठवल्या?" या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. ज्या मताचा हिशोब पक्ष मागतो, त्याचा हिशोब मतदाराने मागायला काय हरकत आहे? एकटीला धीर होणार नाही, दहा जणींना होईल. कर्जाच्या हप्त्याचा हिशोब आपण दर महिन्याला चोख ठेवतो, आता मताचाही ठेवू या.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहा.