कल्पना मुलाची, हात सर्वांचे

(शालेय संशोधन स्पर्धांविषयी शिक्षक, पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट आहे. संशोधकांसाठी लंडनमध्ये निघणाऱ्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत सुटा किराणा माल तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा विजयी ठरला. तो पाठविणारा तरुण विलायतेतील नव्हता, आपल्या मुंबईचा होता. शंकर आबाजी भिसे हे त्याचे नाव. त्यांचा जन्म १८६७ सालचा आणि मृत्यू १९३५ सालचा. पुढे छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रामुळे त्यांचे नाव युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचले. तथापि ज्या घटनेमुळे मुंबईच्या जाणत्या मंडळींचे लक्ष त्यांच्याकडे गेले, ती घटना म्हणजे एक स्पर्धा होती.

त्या यंत्राचा विषय लक्षात घेण्यासारखा आहे. दुकानदार दिवसभर तागडी धरून बसतो, गिऱ्हाईक खोळंबते, पुडी बांधताना माल सांडतो, हे दृश्य त्या काळी प्रत्येक पेठेत नित्याचे होते. हजारो लोकांनी ते रोज पाहिले असेल. परंतु ही अडचण आहे आणि ती दूर होऊ शकते, हा विचार एखाद्याच्याच मनात आला. संशोधनाचा आरंभ प्रयोगशाळेत होतोच असे नाही. पुष्कळदा तो दुकानात, शेतात, स्वयंपाकघरात किंवा आजारी माणसाच्या खाटेजवळ होतो. शालेय संशोधन स्पर्धेचे मूळ प्रयोजन मुलांना ही दृष्टी देणे हे आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे विज्ञानविषयक उपक्रमांची उणीव नाही. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. तालुका, जिल्हा व राज्य पातळीवरील विज्ञान प्रदर्शने दरवर्षी भरतात. १९९३ सालापासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या निमित्ताने मुले आपल्या परिसराचा अभ्यास करून प्रकल्प मांडतात. हे सर्व उपक्रम मोलाचे आहेत. परंतु परीक्षेत मुलाला ठाऊक असलेले ज्ञान तपासले जाते आणि प्रदर्शनात पुष्कळदा ज्ञात तत्त्व समजावून दिले जाते. संशोधन स्पर्धा मात्र जे अद्याप कोणी केलेले नाही ते मागते. म्हणून तिची रीत निराळी असली पाहिजे आणि तिचे परीक्षणही निराळे असले पाहिजे.

ती रीत कशी असावी, हे समजण्यासाठी दोन मुलांची चरित्रे उपयोगी पडतील.

फ्रान्समधील लुई ब्रेल हा खोगीर बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातील टोकदार हत्यार डोळ्यात शिरले आणि काही काळाने त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेत त्या काळी कागदावर उठावदार केलेली नेहमीचीच अक्षरे बोटांनी चाचपून वाचावी लागत. वाचन अतिशय मंद होई आणि लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते. चार्ल्स बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याने अंधारात वाचता येईल अशी टिंबांची लिपी तयार केली होती. तिच्या एका खुणेत बारापर्यंत टिंबे असत. ती एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत, हे ब्रेलच्या ध्यानात आले. त्याने सहा टिंबांची रचना केली आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपली लिपी बव्हंशी सिद्ध केली. १८२९ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

आता या कथेचा उत्तरार्ध पाहावा. डोळस शिक्षकांना ती लिपी रुचली नाही. त्यांच्या नजरेला उठावदार अक्षरे अधिक स्वाभाविक वाटत. शाळेने ब्रेललिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली, म्हणजे ब्रेलच्या निधनानंतर दोन वर्षांनी. परीक्षक विद्वान होते, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. मात्र ज्या बोटांना ती लिपी वाचावयाची होती, त्या बोटांना कोणी विचारले नाही. संशोधन स्पर्धा भरविणाऱ्या प्रत्येक शाळेने हा प्रसंग स्मरणात ठेवावा.

दुसरी कथा अमेरिकेतील मेन प्रांतातील फार्मिंग्टन गावची. चेस्टर ग्रीनवूड या मुलाचे कान कडाक्याच्या थंडीत दुखत. १८७३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने तार वाकवून दोन्ही टोकांना वेटोळी केली आणि कान झाकणारे साधन योजले. त्या वेटोळ्यांवर मऊ गाद्या शिवून देण्याचे काम त्याच्या आजीने केले. १८७७ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढे त्याच गावात त्याने या वस्तूचा कारखाना चालविला. यातील आजीचा वाटा पालकांनी नीट पाहावा. तिने नातवाला सुई-दोऱ्याची मदत केली. तार कशी वाकवावी हे तिने सांगितले नाही. कल्पना नातवाची राहिली, शिवण आजीची झाली. घरातील वडीलधाऱ्यांच्या साहाय्याची मर्यादा याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

या मर्यादेचा विसर पडला की काय घडते, हे अनेक शाळांतील अनुभवी शिक्षक जाणतात. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पालक बाजारात जातात. तयार प्रतिकृती मिळते, तिच्यासोबत माहितीचा तक्ताही मिळतो. मुलगा चार वाक्ये पाठ करतो. मांडणी देखणी असते, दिवे लागतात, चाके फिरतात आणि पारितोषिक मिळते. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या मुलाने फुटक्या बादलीचा कान, सायकलची जुनी ट्यूब आणि सुतळी यांपासून काही तरी केलेले असते. ते ओबडधोबड दिसते आणि परीक्षकांसमोर नेमके अडते. तो मुलगा रिकाम्या हाताने घरी जातो.

या एका दिवसात दोन मुलांची हानी होते. रिकाम्या हाताने गेलेला मुलगा समजतो की, स्वतः विचार करण्यात काही अर्थ नाही. जिंकलेला मुलगा याहून वाईट धडा शिकतो. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून सांगितली की टाळ्या मिळतात, आणि हे सांगावयास आपलेच आईवडील व शिक्षक शिकवितात, असे त्याला बाराव्या वर्षीच कळते. हलक्या मालावर भारी गिरणीचा शिक्का मारणाऱ्या दुकानाची पत एक दिवस जातेच. मुलाच्या मनातील पत गेली, तर ती कोणत्या बाजारातून परत आणावयाची?

सुदैवाने या दोषावर उपाय असणाऱ्या योजना आपल्या देशात आहेत. केंद्र शासनाचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग व राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांच्या वतीने ‘इन्स्पायर–मानक’ ही योजना चालते. प्रारंभी ती सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी होती, पुढे अकरावी-बारावीसाठीही खुली झाली. शाळेने प्रथम आपल्याकडे कल्पनांची स्पर्धा घ्यावी आणि निवडक उत्तम कल्पना संगणकाद्वारे पाठवाव्यात, अशी अपेक्षा असते. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये थेट जमा होतात. त्यानंतर जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्या असतात. गांधीनगरच्या याच प्रतिष्ठानाने ‘इग्नाइट’ ही स्पर्धाही चालविली असून पुढे तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव देण्यात आले. या दोन्ही योजनांचे मर्म एकच आहे. प्रथम कल्पना मागितली जाते, वस्तू नंतर येते. त्यामुळे ज्याच्या वडिलांची ऐपत नाही, ते मूलही समान पायरीवर उभे राहते.

‘इग्नाइट’मध्ये पाटण्याच्या एका शाळकरी मुलीची कल्पना निवडली गेली होती. अपघातानंतर तिचे आजोबा चालण्यासाठी चौकट वापरीत. सपाट जमिनीवर तिचा उपयोग होई, परंतु जिना चढता येईना आणि गच्चीवरील त्यांची आवडती बाग दुरावली. चौकटीच्या पुढील पायांची उंची कमी-जास्त करता आली तर जिनाही चढता येईल, असे त्या मुलीने सुचविले. अभियंत्यांनी तिच्या कल्पनेला आकार दिला आणि ती वस्तू पुढे बाजारातही आली. मुलीने काही वेल्डिंग केले नव्हते. तिने आजोबांकडे पाहिले होते.

आता आपल्या शाळांनी काय करावे, याविषयी काही व्यावहारिक सूचना.

पहिली सूचना वेळेची. स्पर्धेची सूचना पंधरा दिवस आधी देऊन काही साधत नाही. जूनमध्ये शाळा उघडताच प्रत्येक विद्यार्थ्याला एक ‘अडचण वही’ करण्यास सांगावे. घरी, वाटेवर, बाजारात कोणाला काय त्रास होतो, ते त्याने तारीख घालून लिहावे. हमालाच्या पाठीवर गाठ चढविताना काय होते, भाकरी थापणाऱ्या आईचे मनगट का दुखते, वृद्धांना गोळ्यांच्या वेळा का चुकतात, हे लिहिता लिहिता नजर तयार होते. दिवाळीच्या सुटीपर्यंत उपाय सुचविण्याची घाई करू नये.

दुसरी सूचना प्रवेशिकेची. ती एका पानाची असावी. अडचण कोणाची, सध्या लोक त्यावर काय करतात, नवे काय सुचते आणि त्याचे हाताने काढलेले चित्र, एवढे पुरे. प्रवेशशुल्क घेऊ नये. कोणाची मदत घेतली हे लिहिण्यासाठी स्वतंत्र जागा ठेवावी आणि मदत लिहिल्याबद्दल गुण कापू नयेत. प्रामाणिकपणा महाग पडला की तो कोणी करीत नाही.

तिसरी सूचना परीक्षकांची. विज्ञान शिक्षकाच्या जोडीला एक कुशल कारागीर असावा, मग तो सुतार असो, गॅरेजमधील मिस्त्री असो वा शिंपी. आणि ज्यांची अडचण सोडविण्याचा दावा आहे, त्यांच्यापैकी एक तरी व्यक्ती बसवावी. शेतीचे अवजार असेल तर शेतकरी, अंधांसाठीचे साधन असेल तर अंध व्यक्ती. ब्रेलच्या शाळेत जे घडले ते येथे घडू नये. मुलाशी बोलताना पालक व मार्गदर्शक दूर असावेत. ‘पहिल्या वेळी काय चुकले?’ हा एकच प्रश्न पुरेसा आहे. ज्याने स्वतः केले आहे, त्याच्याजवळ चुकांची मोठी कहाणी असते. ज्याने विकत आणले आहे, तो गप्प होतो.

विद्यार्थ्यांसाठीही दोन शब्द. आपली कल्पना खरोखर नवी आहे का, हे आधी शोधावे. भारत सरकारच्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे विनामूल्य पाहता येतात. आधी कोणी केलेले आढळले तर निराश होऊ नये. त्यात काय उणे आहे ते पाहावे. ब्रेलनेही बार्बियेच्या बारा टिंबांपासूनच आरंभ केला होता.

आणखी एक सावधगिरी शाळांनी बाळगावी. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्यापूर्वीच तो प्रदर्शनात मांडला किंवा वृत्तपत्रात छापला, तर हक्क धोक्यात येतो. १९७० च्या पेटंट कायद्यात यास अपवाद आहे, परंतु तो शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरताच असून तेव्हाही बारा महिन्यांत अर्ज करावा लागतो. म्हणून एखादी कल्पना विशेष वाटली तर प्रदर्शनापूर्वीच जाणकाराचा सल्ला घेऊन तात्पुरता अर्ज दाखल करावा. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. अर्जात शोधकर्ता म्हणून मुलाचेच नाव असावे. शाळेचे वा मार्गदर्शकाचे नाव तेथे घुसवू नये.

शेवटचा मुद्दा पारितोषिकानंतरचा. भिसे यांच्या चरित्राकडे पुन्हा वळले पाहिजे. स्पर्धा जिंकून ते लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. तरीही त्यांच्या यंत्रासाठी भांडवल जमविण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि १९०८ साली ते मायदेशी परतण्यास निघाले. या पडत्या काळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांनी भांडवल दिले. पारितोषिकाने गुण ओळखला जातो. तो गुण टिकविण्यास मात्र दादाभाई, गोखले आणि टाटा लागतात.

आपल्या गावात एवढी मोठी माणसे नसतील. पण वर्कशॉपचा मालक आहे, तो रविवारी दोन तास आपले लेथ यंत्र मुलांना पाहू देईल. व्यापारी आहे, तो एखाद्या मुलीच्या प्रतिकृतीचा खर्च उचलील. वकील आहे, तो अर्जाचा मसुदा तपासून देईल. संस्थेने अशा मंडळींची एक यादी करून शाळेच्या कार्यालयात लावावी. आणि यंदाच्या स्पर्धेत अडलेली, मोडलेली, पण स्वतःची अशी एखादी वस्तू टेबलावर दिसली, तर सर्वांत आधी तिच्यासमोर थांबावे आणि त्या मुलाला विचारावे, ‘बाळ, हे तुला कोणासाठी सुचले?’

त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे, एवढीच आजच्या सभेपुढे नम्र विनंती.