फ्रेंच भाषा कोठें कोठें बोलतात, आणि कां?

(धाराशिव जिल्ह्यांतील एका खेड्यांत चावडीपुढें भरलेल्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



विषयाचें नांव ऐकतांच पुढें बसलेले दोघे-तिघे वडीलधारे हसले, तें मीं पाहिलें. सोयाबीनला भाव नाहीं, बोअरला पाणी नाहीं, आणि हा मास्तर फ्रेंच भाषेचें काय घेऊन बसला! थोडा दम धरा. हा विषय मीं काढलेला नाहीं. तो तुमच्याच एका लेकीनें काढला आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही शाळेचीं मुलें घेऊन खर्ड्याचा किल्ला पाहावयास गेलों होतों. खर्डा आपल्या भूम तालुक्याच्या शिवेपलीकडे, जामखेड तालुक्यांत. त्या मैदानावर ११ मार्च १७९५ रोजीं पेशव्यांची व निजामाची लढाई झाली. मीं मुलांना सांगितलें कीं, निजामाची कवाइती पलटण रेमों नांवाच्या फ्रेंच सरदारानें तयार केलेली होती, आणि इकडे शिंद्यांच्या कवाइती फौजेवर पेरों होता, तोही फ्रेंचच. तेव्हां सातवींतली एक सुताराची मुलगी म्हणाली, "गुरुजी, दोन्हीकडे फ्रेंच होते, मग आपण फ्रेंच कां बोलत नाहीं?"

मला उत्तर आलें नाहीं. "चला, गाडींत बसा" म्हणून वेळ मारून नेली. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं. तिचें उत्तर आज देतों. आणि मला वाटतें, तें तिच्यापेक्षां तिच्या बापाच्या अधिक उपयोगाचें आहे.

आधीं ही भाषा आहे तरी कोठें कोठें? फ्रान्स तर आहेच. शेजारच्या बेल्जमचा व स्वित्झर्लंडचा कांहीं भाग. समुद्रापार कॅनडांतला क्विबेक प्रांत आणि हैती देश. आफ्रिकेंत सेनेगाल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, कांगो वगैरे. हिंदी महासागरांत मादागास्कर, रेयुनियों, मॉरिशस. आपल्याच देशांत पुदुच्चेरीला १६७४ पासून फ्रेंचांचें ठाणें होतें. १९५४ सालीं तें भारताकडे आलें, तरी तेथें अजून थोडी फ्रेंच ऐकूं येते. २०२२ सालच्या एका मोजणीप्रमाणें जगांत ही भाषा येणारे सुमारें ३२ कोटी लोक आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेंत. खुद्द फ्रान्सची वस्ती सात कोटींच्या आंत. मग बाकीच्या पंचवीस कोटींना ही भाषा कोणीं शिकविली? भाषा गोड आहे म्हणून पसरली, असें कांहीं शहाणे सांगतात. आपली ज्वारीही गोड आहे. ती कोठें आपल्या पायांनीं पॅरिसला गेली?

ज्या फ्रान्सची ही भाषा, तेथल्या रयतेची तरी ती पहिल्यापासून होती काय? नव्हती. देवळांत आणि कचेरींत तेथें लॅटिन चाले. पाद्री लॅटिनमध्यें मंत्र म्हणे, वकील लॅटिनमध्यें दावा लिही, आणि कुणबी बिचारा दोन्ही ठिकाणीं हात जोडून उभा. हा देखावा ज्यानें आपल्याकडे पाहिला नाहीं असा कोणी ह्या सभेंत असेल तर त्यानें हात वर करावा. १५३९ सालीं फ्रान्स्वा राजानें हुकूम काढला कीं, कोर्टकचेरीचे कागद यापुढें फ्रेंच भाषेंतच लिहावे, म्हणजे त्यांच्या अर्थाविषयीं संशय उरणार नाहीं. हुकूम चांगला. पण ही फ्रेंच म्हणजे पॅरिसकडची, दरबारची बोली. दक्षिणेंतला शेतकरी ऑक्सितान बोले, पश्चिम किनाऱ्यावरचा कोळी ब्रेतों बोले. राज्यक्रांति होऊन पांच वर्षें झाल्यावर, १७९४ सालीं, ग्रेग्वार नांवाच्या एका पाद्र्यानें चौकशी करून सांगितलें कीं, देशांत फ्रेंच नीट बोलणारे तीस लाखांहून अधिक नाहींत. देशाची वस्ती तेव्हां अडीच कोटींवर होती.

राहिलेलें काम शाळेनें पुरें केलें. १८८२ सालीं तेथें प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. गरिबांचीं पोरें शिकलीं, ही मोठीच गोष्ट. पण ब्रेतों मुलानें शाळेंत आईची भाषा तोंडांतून काढली कीं मास्तर त्याच्या गळ्यांत एक खूण अडकवी, पुष्कळदां लांकडी बुटासारखी. ती काढून टाकावयाची तर दुसरें कोणी तसें बोलतांना पकडून त्याच्या गळ्यांत घालावयाची. संध्याकाळीं ज्याच्या गळ्यांत ती उरेल त्याला शिक्षा. मी स्वतः शिक्षक आहें. एका पोराला दुसऱ्या पोरावर पहारेकरी बसविण्याची ही युक्ति वाचून मला लाज वाटली.

आतां दख्खनकडे येऊं. फ्रेंच येथें थोडेथोडके नव्हते. १७५१ पासून सात वर्षें बुसी हा निजामाच्या दरबारीं कर्ताकरविता होता; त्याच्या पलटणींतून निघालेला इब्राहिमखान गारदी पुढें मराठ्यांकडे आला व पानपतावर लढला. गारदी हा शब्द युरोपांतल्या 'गार्ड' शब्दावरूनच आलेला. रेमोंवर तर हैदराबादच्या लोकांची इतकी माया कीं, हिंदु त्याला मूसा राम म्हणत आणि मुसलमान मूसा रहीम. हैदराबादेंतल्या मूसारामबागेला त्याचेंच नांव आहे. तो १७९८ च्या मार्चांत वारला. त्याच वर्षीं इंग्रजांनीं निजामाशीं तह करून ऑक्टोबरांत फ्रेंच पलटण मोडली, आणि फ्रेंच भाषाही तिच्याबरोबर गेली. कां गेली? ती शिपायाच्या खांद्यापर्यंतच आली होती. दप्तर फारसींत होतें. बाजार मराठी, कानडी, तेलुगूंत होता. सारा भरतांना, बैल विकतांना, पेरणी करतांना फ्रेंचचें काम कोणाला पडत नव्हतें.

पण जेथें काम पडलें तेथें काय झालें, तें मॉरिशसांत पाहा. तेथें आपलीच मराठी माणसें आहेत, म्हणून ही गोष्ट जरा सावकाश सांगतों.

तें बेट फ्रेंचांनीं १७१५ सालीं घेतलें. पुढें मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें धरून आणून त्यांना मळ्यांवर गुलाम केलें. दहा मुलखांतले दहा गुलाम; एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. मालकाची फ्रेंच जशी कानावर पडे तशी त्यांनीं उचलली, मोडली, आपल्या जिभेवर बसविली. तीच क्रेओल. मालक 'थोडें पाणी' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द उच्चारी. गुलामाला वाटे सगळा मिळून एकच शब्द. म्हणून क्रेओलमध्यें पाण्याला 'दिलो' म्हणतात आणि साखरेला 'दिसिक'. ह्या दोन शब्दांतच त्या बेटाचा इतिहास आला: तहान आणि ऊस.

१८१० सालीं इंग्रजांनीं बेट जिंकलें. पण तेथल्या रहिवाशांचे कायदे, चालीरीती व धर्म यांना हात लावणार नाहीं, असें त्यांनीं शरणागतीच्या अटींत कबूल केलें. रहिवासी म्हणजे कोण? मळेवाले. गुलामाला अटी कोण विचारतो! सरकार इंग्रजांचें झालें; ऊस आणि चाबूक बव्हंशीं फ्रेंच मळेवाल्यांच्याच हातीं राहिला. १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाली, पण त्याच्या आधींच, १८३४ पासून, हिंदुस्थानांतून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसें तेथें उतरलीं. कलकत्त्याहून भोजपुरी, मद्रासहून तमिळ व तेलुगू, आणि मुंबई बंदरांतून रत्नागिरी-साताऱ्याकडचीं आपलीं माणसें.

बायांनो, तुमच्यापैकीं कितीजणी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात? उचल काय, मुकादम काय, खाडा काय, हें मला तुमच्याकडून शिकावें लागेल. मॉरिशसांत मुकादमाला 'सरदार' म्हणत. करार पांच वर्षांचा. एक दिवस कामावर आलें नाहीं तर दोन दिवसांची मजुरी कापीत. ही दुहेरी कपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. १८७१ सालीं ९,४०१ मजुरांनीं ह्या जुलुमाविरुद्ध अर्ज केला. अर्ज लिहिला कोणीं? आदोल्फ द प्लेवित्झ नांवाच्या एका गोऱ्या गृहस्थानें. दुःख मजुरांचें, पण सरकारला कळेल अशा भाषेंत तें मांडणारा हात दुसऱ्याचा. तो हात प्रामाणिक निघाला, हें त्या मजुरांचें नशीब. मळेवाल्यांच्या रोषापायीं त्या गृहस्थाला मार खावा लागला. पण १८७२ सालीं राजाज्ञेनें चौकशी-मंडळ नेमणें सरकारला भाग पडलें.

मॉरिशस १९६८ सालीं स्वतंत्र झाला. तेथें विधिमंडळाची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रें बहुतेक फ्रेंच, आणि बहुतेक घरांत क्रेओल. गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते, आपल्या कोंकणांतल्या जाखडीसारखा नाच होतो, शाळांतून मराठीचे वर्ग चालतात, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें मराठी शिकवितात. तरी घरांत मराठी बोलणारीं कुटुंबें थोडीं. मी त्यांना नांवें ठेवीत नाहीं. रोज बारा-बारा तास ज्या भाषेंत शिव्या खाल्ल्या, त्याच भाषेंत शेजारणीशीं सुखदुःखही बोलूं लागलीं, आणि पोरांना तीच आईची भाषा झाली.

तेव्हां सुताराच्या लेकीला उत्तर हें: खर्ड्यावर फ्रेंच बंदुकीपर्यंतच आली, मॉरिशसांत ती कोयत्यापर्यंत पोंचली.

उलट दाखला क्विबेकचा. तेथें १६०८ पासून फ्रान्सचे लोक वसले. १७६३ सालीं तो मुलूख इंग्रजांकडे गेला. बडे अंमलदार फ्रान्सला परतले. शेतकरी कोठें जाणार? ते शेतावर राहिले, आणि भाषाही त्यांच्याजवळ राहिली. पुढें दोनशें वर्षें मोठ्या शहरांत मोठा मालक इंग्रज आणि मजूर फ्रेंच, असा प्रकार चालला. शेवटीं १९७७ सालीं त्या प्रांतानें कायदा केला कीं, मजुराला आपल्या भाषेंत काम करण्याचा हक्क आहे. म्हणजे एकच फ्रेंच भाषा. मॉरिशसांत ती मळेवाल्याची आणि क्विबेकांत ती कुणब्याची. हैतीचें तर विचारूंच नका. गुलामांनीं लढून १८०४ सालीं देश स्वतंत्र केला, पण कोर्ट व शाळा मूठभर लोकांच्या फ्रेंचमध्येंच राहिली. सर्व रयतेच्या क्रेओलला सरकारी भाषा म्हणून बरोबरीचा मान मिळाला तो १९८७ च्या राज्यघटनेनें. गोरा मालक गेला आणि काळा मालक त्याच खुर्चीवर, त्याच भाषेंत बोलत बसला.

आतां आपल्या गांवीं या. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दप्तर आधीं फारसींत, पुढें उर्दूंत. 'मावेजा', 'गुत्तेदार', 'बटई' हे आपल्या तोंडचे शब्द त्या अमदानींतले. उर्दूला मी दोष देत नाहीं. आपल्या गांवचा तांबोळी किंवा अत्तार घरीं दखनी बोले आणि बाजारांत मराठी, दरबारचा कागद त्यालाही आपल्याइतकाच परका होता.

माझ्या घरीं असा एक कागद आहे. पणजोबांचा अंगठा, खालीं उर्दू मजकूर. आमच्या घरांत समज असा कीं, ओढ्याकाठच्या शेताची ही सनद. आजी दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावी. तीन वर्षांपूर्वीं शेजारच्या गांवच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना मीं तो दाखविला. त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचला आणि म्हणाले, "मास्तर, ही सनद नव्हे. हें गहाणखत आहे." ज्या कागदानें शेत गेलें त्याचीच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पूजा केली! सावकारानें फसविलें असेल, पण पणजोबाला वाचतां येत असतें तर त्याला निदान फसविण्याची मेहनत तरी पडली असती.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडूं नका. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधूं लागली, तेव्हां मोडी व उर्दू वाचणारीं माणसें धुंडाळावीं लागलीं. आपल्याच बापजाद्यांचीं नांवें, आपल्यालाच वाचतां येईनात! आणि आज? तुमचा शेताचा दावा संभाजीनगरच्या खंडपीठांत गेला कीं तो इंग्रजींत चालतो. बांध तुमचा, भाऊबंद तुमचा, वकिलाचे पैसे तुमचे, आणि तुम्ही बांकावर बसून वकिलाच्या तोंडाकडे पाहतां. फ्रान्सच्या राजाला १५३९ सालीं जें सुचलें तें आपल्याकडे पुरतें व्हावयाचें आहे.

ज्या १८८२ सालीं फ्रान्सनें शिक्षण सक्तीचें केलें, त्याच सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें मागणी केली कीं, बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, आणि शेतकऱ्याच्या पोराला मोडी, बाळबोध, हिशेब व शेतीचें प्राथमिक ज्ञान द्या. हें निवेदन त्यांनीं इंग्रजींत दिलें, हें लक्षांत घ्या. मागणी रयतेच्या भाषेतल्या शाळेची, पण सरकारपुढें ती सरकारच्या भाषेंत. दोन्ही हत्यारें त्यांनीं हातांत ठेवलीं. आज कोणी मला विचारतो, "मास्तर, पोराला इंग्रजी शाळेंत घालूं कां?" मी म्हणतों, इंग्रजी अवश्य शिकवा, नीट शिकवा; पण पोराला आईशीं बोलण्याची लाज वाटायला लावणारी शाळा फुकट असली तरी घेऊं नका. फी भरण्यासाठीं गाय विकणारांचें मला अधिकच वाईट वाटतें.

घरोघरीं पत्र्याच्या पेटींत जुने कागद असतील. पुढच्या बाजारच्या दिवशीं संध्याकाळीं ते घेऊन शाळेंत या. ते उर्दू शिक्षक येणार आहेत. मोडीचें मी पाहीन, थोडें अडखळत का होईना. कागद दुमडूं नका, लॅमिनेशन करूं नका, आणि हळदकुंकू तर मुळींच लावूं नका, अक्षरें पुसतात.