भांडी घासणारं यंत्र कोण घासणार?

२०२०च्या टाळेबंदीत घरकामाच्या मावशी येऊ शकत नव्हत्या, तेव्हा शहरांतल्या बऱ्याच घरांत डिशवॉशर आला. आमच्याकडेही आला. आईची बोटं संधिवातानं आखडलेली, त्यामुळे कढई घासणं तिला झेपत नव्हतं. पहिले काही महिने कौतुकात गेले. मग काचेच्या पेल्यांवर पांढरट थर दिसू लागला, वाट्यांच्या तळाशी फोडणीतली मोहरी तशीच राहू लागली आणि दार उघडलं की आंबलेल्या खरकट्याचा वास! ''यापेक्षा माझे आखडलेले हात बरे,'' असं म्हणून आई पुन्हा सिंकपाशी उभी राहिली. यंत्र विकून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

दुरुस्तीला आलेल्या मुलानं एकही भाग बदलला नाही. त्यानं खालचा रॅक बाहेर काढला, तळातली गोल जाळी फिरवून उचलली आणि आमच्यापुढे धरली. आत भात, जिरं, मिरचीचं देठ आणि सगळ्यावर तुपाचा थर. ''ही कधी धुतली होती?'' आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जे यंत्र रोज साबणाच्या पाण्यात असतं ते आपोआप स्वच्छ राहत असणार, असा आमचा समज!

इथेच आपली चूक होते. डिशवॉशर नळासारखं सतत नवं पाणी सोडत नाही. तळाशी थोडं पाणी घेतो, ते पंपानं वर फेकतो आणि खाली आलेलं तेच पाणी जाळीतून गाळून पुन्हा फेकतो. जाळी तुंबली की खरकटं पाणीच भांड्यांवर फिरत राहतं. म्हणून आठवड्यातून एकदा जाळी काढून कोमट पाण्याखाली मऊ ब्रशनं धुवावी. तारेची घासणी लावू नये. परत बसवताना ती नीट अडकली आहे ना ते पाहावं, नाहीतर खरकटं थेट पंपात जातं. पाणी फवारणारे फिरते पंखेही उजेडात धरून पाहा. एखाद्या भोकात मोहरी अडकलेली असतेच. टूथपिकनं ती निघते. दाराची खालची कड फवाऱ्यात येत नाही, तिथला चिकटा ओल्या फडक्यानं पुसावा लागतो. वास बहुधा तिथूनच येत असतो.

आता त्या पांढऱ्या थराबद्दल. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात पालिकेचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात, आणि ते जड. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ सालच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणी मिळतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढायला आपल्याकडच्या बहुतेक डिशवॉशरमध्ये राळेच्या बारीक मण्यांची सोय असते. हे मणी क्षार धरून ठेवतात आणि भरले की मिठाच्या पाण्यानं पुन्हा मोकळे होतात. मिठाचा कप्पा त्यासाठीच. आमचा कप्पा रिकामा होता, दिवा लागत होता, आम्ही त्याकडे पाहत नव्हतो.

घरातलं जेवणाचं मीठ मात्र त्यात घालू नका. ते बारीक असतं, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची द्रव्यं असतात. जाड दाण्याचं, डिशवॉशरसाठी मिळणारं शुद्ध मीठच घ्या. भरताना सांडलं तर लगेच एक फेरी चालवा, नाहीतर खारं पाणी आतल्या स्टीललाही खातं. आणि साबणाची पूड चुकून या कप्प्यात गेली, तर मणी बाद होऊ शकतात. पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे यंत्रात आकडा लावायचा असतो. बोअर सुरू झालं की तो वाढवावा, हे आम्हाला त्या मुलानंच सांगितलं.

पेल्यावर व्हिनेगर चोळून पाहा. डाग गेला तर तो क्षाराचा. राहिला तर काचच झिजली आहे, तिला इलाज नाही. यंत्राच्या आत क्षार धरला असेल, तर माहितीपुस्तिकेत सांगितलेली क्षार काढायची पूड घालून रिकामं यंत्र गरम पाण्यावर चालवावं. व्हिनेगरचा मारा वरचेवर केला तर रबर खराब होतं. ब्लीच तर नकोच: ते स्टीलला सोसत नाही आणि आम्लाशी मिसळलं की विषारी वायू सुटतो.

कल्हईची पातेली, पितळी डबे, लाकडी पोळपाट यांना यंत्राबाहेरच ठेवा. ॲल्युमिनियमची कढई काळी पडते, आमची पडली.

आमच्या घरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी जाळी धुतल्याची खूण असते. एका रविवारी माझी पाळी, पुढच्या रविवारी मुलाची. आई भांडी यंत्रातच लावते. पेला मात्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्याशिवाय कपाटात ठेवत नाही.