वारीच्या वाटेवरील काही विचार



आपल्या चिटणिसांनी पायी वारीचे अनुभव सांगण्याची आज्ञा केली, ती मोडणे आम्हांस शक्य झाले नाही. तथापि आम्ही कीर्तनकार नव्हे आणि मुरलेले वारकरीही नव्हे. आमच्या तीर्थरूपांनी आळंदी ते पंढरपूर ही वाट एकतीस वर्षे चालली. आमच्या नावावर वाऱ्या अवघ्या चार. एका साशंक मनुष्यास त्या वाटेवर काय आढळले, एवढेच येथे निवेदन करावयाचे आहे.

वारी घराण्यात चालते, हे आपण जाणताच. शेत भावाभावांत वाटून घेता येते. वारी तशी वाटता येत नाही, ती कोणी तरी एकाने उचलावी लागते. सन २०२० मध्ये महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. माउलींच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीस गेल्या, आणि पुढील वर्षीही तसेच घडले. त्या ज्येष्ठात तीर्थरूप रोज सायंकाळी पडवीत उभे राहून हरिपाठ म्हणत आणि नंतर आम्हांस सांगत, आज पालखी वाल्ह्यास असती, आज लोणंदला असती. त्याच वर्षी भाद्रपदात त्यांचे देहावसान झाले. रुग्णालयात आम्हांस आत जाऊ दिले नाही, आणि खांदा देण्यास घरची चार माणसेही नव्हती. ज्याच्या दारी हा मनुष्य एकतीस वर्षे चालत गेला, त्या देवाने एवढेही करू नये, हा सल मनात ठेवूनच आम्ही सन २०२२ मध्ये त्यांचा टाळ हाती घेतला. श्रद्धेने घेतला असे म्हणणे असत्य ठरेल. वारी उचलावयास दुसरे कोणी उरले नव्हते.

प्रथमच चालणाऱ्याचे मन आरंभी देवाकडे जात नाही, पायांकडे जाते. पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांबचा. तो ज्येष्ठ वद्य एकादशीस येतो, म्हणजे उपवासाच्या पोटी दिवे घाट चढावयाचा. आमच्या पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक वृद्ध बाई चालत होती. तिचा श्वास एकदाही चुकला नाही, आमचा मात्र पहिल्याच वळणावर चुकला. त्या घाटात आम्हांस विठ्ठल दिसला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

सासवडच्या मुक्कामी मात्र एक गोष्ट घडली. दिंडीतील एक वृद्ध वारकरी आमचे नाव ऐकताच जवळ आले, आणि आम्ही नको नको म्हणत असताना आमचे पाय ओढून त्यांना तेल चोळू लागले. म्हणाले, "तुमच्या वडिलांनी माझे पाय वीस वर्षं चोळले. फिटंल तेवढं फेडू द्या." सभाजनहो, आमचे तीर्थरूप फार तापट होते. घरात त्यांनी स्वतःच्या हाताने कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही. वर्षातील वीस दिवस ते असे कोणी निराळेच होते, हे आमच्या मातोश्रींसही ठाऊक नव्हते. पुढील सारी वाट आम्ही त्या अपरिचित माणसाचा विचार करीत चाललो. देवाचा विचार त्या ओघात किती झाला, हे सांगणे कठीण आहे.

दिंडीत वीणा जमिनीवर ठेवीत नाहीत. एक विणेकरी थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि त्या वेळी दोघेही परस्परांच्या पायां पडतात. आमच्या दिंडीतील विणेकऱ्याची ज्ञाती आम्हांस आजही माहीत नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगणे काहींस रुचणार नाही, तरी सांगतो. अर्थात वारीत भेद कधी नव्हताच असा गोड समज कोणी करून घेऊ नये. दिंड्या आणि पंगती ज्ञातीवार होत्या. इरावती कर्वे यांनी स्वतः वारी चालून ही फूट खेदपूर्वक नोंदविली आहे. विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या भक्तांस उघडले ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. आपल्या ज्ञातीची स्वतंत्र दिंडी काढावी अशी सूचना काही तरुण मंडळींनी केली आहे. त्यांनी त्या समाधीपाशी घटकाभर बसून मग आपले मत द्यावे.

आता समाजआरतीविषयी. मुक्कामी पालखी पोहोचली की सर्व दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगांचा एकच कल्लोळ चालू असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात सारे शांत होते. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपला टाळ थांबवीत नाही. मग चोपदार तिच्यापाशी जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात. नंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि मगच आरती होते. हा प्रकार आम्ही प्रथम तरडगावी लक्षपूर्वक पाहिला. ज्याची तक्रार आहे तो दिंडी सोडून घरी जात नाही, अबोलाही धरीत नाही; तो पालखीसमोरच टाळ वाजवीत उभा राहतो, आणि त्याचे ऐकल्यावाचून आरती पुढे सरकत नाही. मनातील सल घेऊन वारीस येण्याचा आपणांस अधिकार आहे की नाही, या प्रश्नाने आम्हांस आळंदीपासून छळले होते. त्या रात्रीनंतर तो प्रश्न आम्हांस पडला नाही. सल मात्र गेलेला नाही. आमची तक्रार अद्याप उभी आहे.

तीर्थरूप पंढरीस पोहोचल्यावर दर्शनाच्या रांगेत उभे राहत नसत. चंद्रभागेचे स्नान, नामदेवपायरीस मस्तक आणि दुरून कळसाचे दर्शन, एवढ्यावर त्यांची वारी पुरी होई. आम्हीही तेच करतो.

येत्या ज्येष्ठ वद्य अष्टमीस आम्ही आळंदीस जाणार आहोत. ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी सभेनंतर भेटावे. एक पथारी, ताट-तांब्या आणि पावसासाठी इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद पुरे होतो. नव्या चपला मात्र कोणी आणू नयेत.